पिस्टन नसलेल्या पिस्तुलात पिस्टन शोधू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आलाय. वडील वारल्यावर त्यांचं .32 बोअरचं जुनं पिस्तूल रीतसर परवाना होऊन यांच्या नावावर आलं. टेक्सासला असलेल्या चुलतभावाकडे डेझर्ट ईगल नावाचं दांडगं पिस्तूल आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे गॅसवर चालणारं, तेव्हा दर खेपेला गॅस पिस्टन आणि गॅसचं भोक साफ करत जा. यांनी पिस्तूल खोललं तर पिस्टन सापडेना. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, आत एक बारीक भोक दिसलं, त्यात दाभण घालून खरवडून पाहिलं. शिवाय जूनपासून स्लाइडवर तांबूस ठिपके उठतायत, तेल चोपडूनही थांबत नाहीत. पिस्टन कुठे असतो, आणि तेल कुठलं व किती, असे दोन प्रश्न.

बाब, पहिल्यांदा ते दाभण बाजूला ठेवा. तुम्ही खरवडलेलं भोक गॅसचं नव्हेच. फायरिंग पिनचं टोक ज्यातून बाहेर येऊन काडतुसाच्या बुडातल्या कॅपवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बारीक टोपीवर, आपटतं ते हे भोक. त्याची कड फाटली किंवा भोक मोठं झालं तर कॅपचा पत्रा त्यात फुगतो, कधी फुटतो, आणि तापलेला वायू मागे येतो. त्यावर शेवटी बोलू.

मी फौजेत 22 वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. त्यातली कितीतरी वर्षं एसएलआर (सेल्फ-लोडिंग) रायफलींचे गॅस प्लग आणि पिस्टन पुसण्यात गेली, म्हणून चुलतभावाची चूक कुठे झाली ते लगेच कळतं. गोळी सुटल्यावरचा वायू प्रत्येक सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काम करतो, हे खरं. पण ‘गॅस-ऑपरेटेड’ हा शब्द आम्ही एकाच जातीसाठी वापरतो. नळीला बारीक भोक पाडून गोळीमागचा थोडासा वायू बाजूला काढलेला असतो आणि त्या वायूने पिस्टन ढकलून यंत्र उघडतं. एसएलआर अशी, एके अशी, इन्सास अशी. रायफलींत ही रीत रोजची. पिस्तुलांत मात्र अगदी विरळ.

तुमचं .32 साधं ब्लोबॅक. तिथे ना भोक, ना पिस्टन, ना कुलूप. काडतुसाचं टरफलच मागे रेटा देतं, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर त्याला अडवून धरतात, आणि स्लाइड हलून उघडेपर्यंत गोळी नळीबाहेर पडून दाब उतरलेला असतो. .32 ची शक्ती बेताची, म्हणून एवढ्यावर भागतं. जॉन ब्राउनिंगने हे काडतूस 1899 च्या सुमारास अशाच साध्या पिस्तुलासाठी बेतलं होतं. 9 मिलिमीटरसारख्या जोरकस काडतुसाला स्लाइड आणि नळी क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात. तेही बहुतेक ब्राउनिंगच्याच पद्धतीने होतं, नळी मागे सरकून किंचित खाली झुकते. त्यातही गॅसचा पिस्टन नसतो. आपल्याकडे 9 मिलिमीटर सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

भावाचं डेझर्ट ईगल मात्र खरोखर गॅसवर चालतं. मिनेसोटातल्या मॅग्नम रिसर्चची ती कल्पना, इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजने ती प्रत्यक्षात चालेल अशी केली. .357, .44 आणि .50 अशी दांडगी काडतुसं ते खातं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, जरा पुढे नळीला भोक आहे. त्यातून वायू नळीखालच्या वाटेने पार तोंडाजवळ जातो आणि तिथे पिस्टनला मागे रेटतो. पिस्टनबरोबर स्लाइड मागे येते, रायफलीसारखा दातेरी बोल्ट फिरतो, कुलूप सुटतं. नळी स्वतः जागची हलत नाही.

त्याला माझा निरोप सांगा. पिस्टन आणि तो ज्यात शिरतो ते सिलिंडर कोरडं ठेवायचं. सॉल्व्हंट लावून पितळी ब्रशने काजळी काढायची, चिंदीने पुसून घ्यायचं, आणि तिथे तेलाचा थेंबही सोडायचा नाही. तापलेला वायू तेल जाळतो, त्याची राळेसारखी कडक काजळी होते आणि पुढच्या खेपेला ती खरवडायला दुप्पट वेळ जातो. आमच्याकडे नवा रंगरूट आला की हमखास हेच करायचा. पिस्टन चकचकीत दिसावा म्हणून तेल लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर रायफल एकेक गोळीला अडायची. मग उस्ताद त्याला गॅस रेग्युलेटर एकेक घर फिरवून गॅस वाढवायला लावायचे, वर चार शब्दही ऐकवायचे. तेल हवं तिथेच द्यावं: स्लाइडच्या खोबणींना आणि बोल्टच्या दात्यांना.

दुसरं, डेझर्ट ईगलमध्ये उघड्या शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, तांब्याचं कवच असलेल्याच हव्यात. उघडं शिसं त्या भोकाच्या कडेवर घासतं, भुकटी वायूबरोबर आत जाते आणि वाट बुजते. बुजली म्हणून ड्रिल लावायचं नाही. भोकाच्या मापावरच सगळा हिशेब आहे; ते मोठं झालं की स्लाइड जास्त जोराने आपटायला लागते.

आणखी एक जात सांगून ठेवतो, कारण गोंधळ तिथेही होतो. 1970 च्या दशकाअखेर जर्मनीत हेकलर अँड कॉखने पी7 आणलं. त्यातही भोक, पिस्टन आणि सिलिंडर आहे, पण काम अगदी उलटं. तिथला वायू स्लाइडला ढकलत नाही, थोपवून धरतो. दाब उतरला की स्लाइड मोकळी. त्याच्यासोबत सिलिंडर खरवडायची वेगळी पट्टी यायची, आणि शे-सव्वाशे गोळ्या लागोपाठ झाडल्या की चापाच्या वरचा भाग हाताला चटका देण्याइतका तापायचा. वाल्थरच्या सीसीपीतही हीच युक्ती आहे. म्हणजे पिस्टन दिसला तरी तो उघडतोय की अडवतोय हे आधी बघावं. साफसफाई मात्र दोन्हींची सारखीच, कोरडी. आणि 10 मीटरच्या एअर पिस्तुलांना आपली मुलं ‘गॅसवालं’ म्हणतात, ती तिसरीच गोष्ट. तिथे 200 बार दाबाची हवा असते, त्या व्हॉल्व्हजवळ साधं खनिज तेल गेलं तर दाबाखाली पेट घेऊ शकतं. त्यांना त्यांच्या कंपनीचं ग्रीसच लावायचं.

आता तुमच्या .32 कडे येऊ.

खोलण्याआधीचा क्रम बोटांत बसवून घ्या. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. पहिल्यांदा मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला तर घोटाळा होतो: मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं, पण मॅगझिनमधलं नवीन आत जातं. तुम्ही नंतर मॅगझिन काढता आणि पिस्तूल रिकामं आहे म्हणून निर्धास्त होता. त्या काळच्या बहुतेक .32 ना मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय नसते. काही मॉडेलं खोलण्याआधी चाप ओढून आतली पिन मोकळी करावी लागते, म्हणून हा क्रम जिवाचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे काम काढू नका.

खोलताना तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा. जुन्या .32 ची रचना एकसारखी नसते. काहींत स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली, काहींत नळीखाली, वेब्लीच्या जुन्या .32 मध्ये तर उजव्या मुठीच्या फळीखाली व्ही-आकाराची स्प्रिंग आहे, फळी काढताना माहीत नसेल तर दचकायला होतं. चार भाग सुटे झाले की पुरे: स्लाइड, नळी (ती सुटत असेल तर), स्प्रिंग, सांगाडा. सांगाड्यातले चाप आणि घोडा यांच्या जोडणीला घरी हात लावायचा नाही. तिथला एखादा कोन कानशीने जरासा घासला की पिस्तूल आपटल्यावर आपोआप सुटू शकतं. ते काम परवाना असलेल्या गनस्मिथचं.

नळी चेंबरच्या बाजूने साफ करायची. तोंडाकडून सळई घातली आणि ती तोंडाच्या कडेला घासली तर नेम तिथेच बिघडतो. ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून पूर्ण पलीकडे काढायचा, मधेच उलटा ओढायचा नाही. मग फलालीनच्या चिंद्या, शेवटची चिंदी स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

ब्लोबॅकमध्ये खरी घाण नळीत कमी आणि मागे जास्त साठते. स्लाइड उघडताना उरलेला धूर सरळ मागे येतो, त्यामुळे काडतुसाचं बूड जिथे टेकतं तो पृष्ठभाग आणि टरफल ओढून काढणारी एक्स्ट्रॅक्टरची नखी काळी होते. नखीखाली काजळी दबून बसली की टरफल अर्धवट बाहेर येऊन अडकतं. तिथे दात कोरायची लाकडी काडी उत्तम चालते. फायरिंग पिनची वाट कोरडी ठेवायची, मॅगझिनही आतून कोरडं. मॅगझिनमधलं तेल काडतुसांवर उतरतं, कॅपच्या सांधीतून आत झिरपू शकतं आणि काडतूस निकामी होऊ शकतं. डब्ल्यूडी-40 सारखं पातळ तेल तर आणखी सहज शिरतं. त्याचं काम मुळात पाणी हटवण्याचं, नावातच ते आहे. पावसात भिजलेलं पिस्तूल आधी त्याने पुसायला हरकत नाही, पण त्यावर दुसरं चांगलं तेल लावायला हवं.

तुम्ही लिहिलंय, वडील म्हणायचे, ‘मधेच काडतूस अडतं’. त्याचं कारण घाण नसेलही. .32 च्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड वरचं पुढे ढकलू शकत नाही. वरच्याची कड नेहमी पुढे. भरल्यावर मॅगझिनची पाठ हातावर हलकेच थोपटली की काडतुसं नीट बसतात.

आता पाणी, जे ऐकून तुम्ही हसाल. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही. तुम्ही वरून कितीही तेल फिरवा, ते तेलाखाली बसून पोलाद खात राहतं. ते निघतं पाण्यानेच. सत्तरीत ज्यांच्या घरी रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती त्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बार उडवला की संध्याकाळी चुलीवरचं कढत पाणी नळीतून ओतायचं, मग चिंदी, मग तेल. काळ्या दारूची राखही तशीच ओलावा ओढणारी. वडिलांच्या साठ्यातली जुनी काडतुसं झाडलीत तर त्याच दिवशी नळी (सुटत असेल तर) सुटी करून गरम पाण्याची ओली चिंदी तीन-चार वेळा फिरवा, लगेच कोरडी करा, आणि मग नेहमीचं सॉल्व्हंट आणि तेल. नळी पाण्यात भिजत ठेवायची नाही, आणि मुठीच्या लाकडी फळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही. पणजीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी त्याहून अधिक. जुलैत ही साफसफाई ‘उद्या करू’ म्हटलं की उद्या सकाळीच नळीत केशरी धूळ दिसते.

तुमच्या ठिपक्यांचं कारण बहुतेक वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की पिस्तूल वडिलांच्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये, लोखंडी कपाटात असतं. चामडं कमावताना वापरलेले क्षार त्यात उरतात आणि ते ओलावा धरून ठेवतं. चिऱ्यांच्या भिंतीचं घर, आषाढातली हवा आणि चामड्याची पिशवी, यात पोलाद गंजलं नाही तरच नवल. होल्स्टर बाहेर काढा, तो फक्त बरोबर नेण्यापुरता. पट्ट्यातल्या खोबणींत काडतुसं राहिली असतील तर त्यांच्या पितळेवर हिरवट चिकट थर आला असेल. ती झाडायची नाहीत, बाजूला काढून गनस्मिथला दाखवायची.

गंजाचे ठिपके काढायला घरगुती उपाय करू नका. डिचोलीतल्या एका ओळखीच्या माणसाने देवघरातली समई घासतात तसं पिस्तूल चिंचेने घासलं. गंज गेला, पिस्तूल नव्या उलथन्यासारखं पांढरं झालं आणि चौथ्या दिवशी संपूर्ण लाल. पोलादावरचा काळा रंग म्हणजे ब्लूइंग, तोही एका जातीचा गंजच, पण घट्ट आणि तेल धरून ठेवणारा. आंबट पदार्थाला लाल गंज आणि काळा रंग यातला फरक कळत नाही. कोकमाचं आगळ, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांची हीच गत. ठिपक्यांवर तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या अगदी मऊ स्टील वूलने तेलासकटच हलक्या हाताने फिरवा. वरचा गंज निघेल. खाली खड्डा पडला असेल तर तो राहील. त्याच्यामागे लागून आणखी पोलाद घालवू नका.

खोबरेल तर अजिबातच नको. आपल्याकडे घरात तेल म्हटलं की तेच हाती येतं, म्हणून सांगतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. एका डिसेंबरच्या पहाटे रेंजवर एकाच्या पिस्तुलाने नुसतं ‘टक्’ केलं. आम्ही नळी समोर धरूनच अर्धा मिनिट थांबलो, कारण कधी कधी कॅप उशिरा पेटते. मग खोललं तर फायरिंग पिनच्या वाटेत पांढरं खोबरेल तुपासारखं थिजलेलं. पिनला धावायला जागाच नव्हती. थिजलं नाही तरी वर्षभराने ते चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल तात्पुरतं चालेल, पण ते उडून जातं आणि गंज रोखायचं त्यात विशेष काही नसतं. रॉकेलने काजळी सुटते, रक्षण होत नाही. गंजरोधक म्हणून विकलं जाणारं बंदुकीचं तेल घ्या. छोटी बाटली तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल.

किती लावायचं? स्लाइडच्या दोन्ही खोबणींना एकेक थेंब, नळीच्या बाहेरून जिथे घासून चमक आलीय तिथे एक थेंब. बाकी सगळीकडे तेलाने ओलसर केलेली चिंदी फिरवायची. बोट ओढलं तर ठसा उमटावा, ओघळ येऊ नये. ओघळ धूळ धरतात, आणि कपाटात पिस्तूल उभं असेल तर सगळं तेल मुठीच्या लाकडात उतरतं. झाडायच्या आधी नळी आणि चेंबर कोरड्या चिंदीने पुसून घ्यायचे.

मृगापासून नवरात्रापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी हे पुसणं करायचं, गोळी झाडली नसली तरी. शेवटचा हात नेहमी चिंदीचा, बोटाचा नाही, कारण घामाच्या ठशातलं मीठ दोन दिवसांत ठशाच्याच आकाराचा गंज उठवतं. पिस्तूल घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि अर्थात कुलपात. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास तापवले की परत निळे होतात. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात.

निवडणूक आली की हत्यार जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हाची तयारी वेगळी. महिना-दोन महिने ते तुमच्या हातात नसतं आणि तिथल्या रॅकवर कोणी पुसत बसत नाही. माझ्या एका स्नेह्याचं पिस्तूल एका ठाण्यातून परत आलं तेव्हा मॅगझिन जागेवरून निघेना. जमा करायच्या आदल्या दिवशी बाहेरून पातळ ग्रीसचा हात द्या आणि गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद मिळाला तर त्यात गुंडाळून द्या. चामड्याच्या होल्स्टरमध्ये देऊ नका. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय, विशेषतः नळीतलं, झाडायचं नाही.

आता ते दाभण. पिस्तूल सध्या झाडू नका. परवाना बरोबर घेऊन, पिस्तूल रिकामं करून, गनस्मिथकडे न्या आणि तीन गोष्टी बघायला सांगा: फायरिंग पिनच्या भोकाची कड, पिनचं टोक, आणि रिकॉइल स्प्रिंग. वडिलांनी ती स्प्रिंग कधी बदलल्याचं तुम्हाला आठवत नाही म्हणता. ब्लोबॅकमध्ये ती मरगळली की स्लाइड सांगाड्यावर जोराने आपटत राहते आणि शेवटी सांगाड्याला तडा जातो. आणि त्याला दाभणाचं सांगा, लाजू नका. भिंग कुठे धरायचं ते त्याला लगेच कळेल.